सोन्याचं गाणारं पॉकेट वॉच, पाच वर्षं वापरल्यावर

पाच वर्षं झाली हे घड्याळ घरात येऊन, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण तेव्हा त्याचा आवाज सोडून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. आता त्याच्या खोड्या माहीत झाल्यात, एकदा मोठी दुरुस्ती झालीय, आणि मुख्य म्हणजे ते रोज वापरात आहे, कपाटात ठेवलेलं नाही.

घड्याळ जिनिव्हाचं, साधारण १८२० च्या आसपासचं, १८ कॅरेट सोन्याची केस (म्हणजे बाहेरची डबी), पांढरी इनॅमलची डायल, आत कुणाचं नाव नाही. नाव नसणं त्या काळातल्या जिनिव्हाच्या घड्याळांत अगदी कॉमन आहे त्यामुळे त्याने बिचकू नका. ते दोन कामं करतं. वरचा दांडा, म्हणजे जिथे साखळीची कडी असते तो, अंगठ्याने आत दाबून सोडला की किती वाजले ते ठोक्यांनी सांगतं, याला क्वार्टर रिपीटर म्हणतात. आणि तास भरला की स्वतःहून एक छोटी धून वाजवतं, पाहिजे तेव्हाही वाजवता येते, खाली सहाच्या बाजूला एक खिट्टी आहे ती सरकवायची. धून नको असेल तर डायलच्या कडेला एक बारीक काटा आहे तो फिरवून बंद करायची.

आधी आवाजाबद्दलच लिहिते, कारण या प्रकारच्या घड्याळात घेण्यासारखं जे आहे ते आवाजच आहे. बाकी केस, नक्षी, सोनं, मोती, सगळं नंतर.

ठोके आणि धून हे दोन वेगळे आवाज आहेत, ते दोन वेगळ्या गोष्टींमधून येतात. ठोके येतात गाँगमधून, म्हणजे मशीनच्या भोवती गोल वळवलेली कडक स्टीलची तार, एकाच टोकाला स्क्रूने धरलेली आणि बाकी सगळी मोकळी, तिच्यावर एवढीशी हातोडी पडते. तासाचे ठोके खालच्या सुरात, आणि पाव तासाचे जोडीने, एक उंच एक खालचा, टिंग-टँग असे. तार कुठेही केसला टेकली की आवाज लगेच मरतो, करकरल्यासारखा येतो, ते पहिल्याच ठोक्याला कळतं. धून मात्र येते स्टीलच्या दातांमधून, फणीचे दात असतात तसे, प्रत्येक दात एका सुराला लावलेला. माझ्या घड्याळात एक चपटी चकती आहे जिच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढ्या पिना बसवल्यात, चकती फिरते, पिन दाताचं टोक उचलून सोडते, दात थरथरतो, झाला सूर. चकतीच्या वर काही दात आणि खाली काही दात, पंख्यासारखे पसरलेले, आणि हे सगळं काट्यांच्या मशीनबरोबर एका चपट्या डबीत मावतं. उघडून पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आवाज मोठा नसतो हे मात्र नीट समजून घ्या. व्हिडिओत माइक घड्याळाला चिकटवलेला असतो त्यामुळे तो भरगच्च वाटतो. प्रत्यक्षात शांत खोलीत हातभरावरून छान ऐकू येतो, पंखा फुल स्पीडवर असेल तर धूनेतले खालचे सूर जातात. मुठीत धरलं तर आवाज कोंडतो, दोन बोटांनी कडेला धरलं तर मोकळा होतो, आणि पातळ लाकडाच्या पेटीवर ठेवलं तर एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटतो कारण मग ती अख्खी पेटीच वाजायला लागते. मी एक जुनी लाकडी पेटी त्यासाठीच ठेवलीय. सुरांचा पोत सांगायचा तर सुरुवातीला टोकदार आणि मागे लगेच विरघळणारा, मोठ्या म्युझिक बॉक्ससारखा लांब रेंगाळत नाही. दात इतके छोटे आहेत की त्यांना रेंगाळायला दमच नसतो. मला तो कोरडेपणा आवडतो, कुणाला नाही आवडणार, म्हणून घेण्याआधी कानाने ऐका, मोबाइलवर नाही.

आता हे रोज वापरात कसं आलं ते. माझ्या बाबांना काचबिंदू आहे, गेल्या काही वर्षांत नजर खूपच गेली. बोलणारं घड्याळ त्यांना आणून दिलं होतं, बटण दाबलं की एक बाई वेळ सांगते ते, पण रात्री अडीचला त्या आवाजाने आई दचकून उठायची आणि बाबांनाही ते आवडायचं नाही. हे घड्याळ मी माझ्या हौसेसाठी घेतलं होतं. एकदा त्यांच्या हातात दिलं, दांडा कसा दाबायचा ते दाखवलं, आणि त्या दिवसापासून ते त्यांच्या उशाशी आहे. खरं तर रिपीटर बनलेच यासाठी. दिवा लावून काटे बघण्यापेक्षा अंधारात दाबा आणि मोजा. इंग्लंडमध्ये १६८७ साली यावरून भांडण राजापर्यंत गेलं होतं, एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर दोघांनी आपापलं रिपीटर घड्याळ पुढे केलं आणि दुसऱ्या जेम्स राजाने क्वेअरचं पसंत केलं कारण त्यात एकदाच दाबून तास आणि पाव दोन्ही वाजायचे, बार्लोच्या घड्याळात दोन वेगळी बटणं होती. ही गोष्ट मी आधी नुसती माहिती म्हणून वाचली होती, बाबांना रात्री चाचपडत घड्याळ घेताना बघितल्यावर एकच दांडा असण्याचं मोल कळलं.

मोजायची पद्धत त्यांनी दोन दिवसांत बसवली. तीन खालचे ठोके आणि मग एक टिंग-टँग म्हणजे सव्वातीन, दोन टिंग-टँग म्हणजे साडेतीन, तीन म्हणजे पावणेचार. पावणेचारला पहिले काही दिवस गोंधळ व्हायचा कारण आपण बोलताना पुढचा तास धरतो आणि घड्याळ मागचाच तास वाजवतं, तीन आणि वर तीन पाव. मिनिटं मात्र कळत नाहीत. सव्वातीनला दाबा नाहीतर तीन अठ्ठावीसला दाबा, सारखंच वाजेल. ज्यांना मिनिटं हवीत त्यांच्यासाठी मिनिट रिपीटर असतात, त्यात तास, मग पाव, मग वरची मिनिटं उंच सुरात, सगळ्यात लांब वाजतं ते १२ वाजून ५९ मिनिटांना, १२ ठोके, ३ जोड्या आणि १४ मिनिटं. पण मिनिट रिपीटर आणि धून दोन्ही एकात असलेलं जुनं घड्याळ हे फारच वेगळं प्रकरण, तिथे मी पोचलेली नाही.

अजून एक गोष्ट बाबांनी शोधली जी मला घड्याळजींनी सांगितली नव्हती. दांडा प्रत्येक वेळी सारखा आत जात नाही. एक वाजता थोडासा जातो, बारा वाजता खोल जातो. आत एक गोगलगायीच्या शंखासारखी पायऱ्यांची चकती असते, बारा पायऱ्या, तासाप्रमाणे ती फिरत राहते आणि तुम्ही दाबता तेव्हा आतला दट्ट्या त्या वेळच्या पायरीला जाऊन टेकतो, जितकी पायरी खोल तितके ठोके जास्त. म्हणजे ठोके पडायच्या आधीच अंगठ्याला तास कळतो. बाबा आता कधीकधी दाबतानाच म्हणतात, पाच वाजून गेले बघ, आणि मग ठोके पाच पडतात.

याच्यामुळेच विकत घेताना एक टेस्ट फार महत्त्वाची. दांडा मुद्दाम अर्धवट दाबून सोडा. चांगल्या रिपीटरमध्ये असा एक तुकडा असतो की पूर्ण दाबलं तरच वाजेल नाहीतर गप्प बसेल, त्याचं फ्रेंच नावच 'सगळं किंवा काहीच नाही' अशा अर्थाचं आहे. तो तुकडा झिजला असेल किंवा नसेलच तर सात वाजता अर्धवट दाबल्यावर चार ठोके पडतील आणि घड्याळ खोटं बोलेल. अंधारात वापरणाऱ्याला गप्प घड्याळ चालतं, खोटं नाही चालत. दुसरी टेस्ट तास बदलतानाची. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी एकदा, एक वाजायला दोन मिनिटं असताना एकदा, आणि एक वाजून दोन मिनिटांनी एकदा. पहिल्या दोन वेळा बारा ठोके आणि तीन जोड्या, तिसऱ्या वेळी फक्त एक ठोका. एकच्या अलीकडे-पलीकडे जर बाराच्या ठिकाणी अकरा किंवा एक आणि वर तीन पाव असं काहीतरी वाजलं तर आतली शंखचकती वेळेवर उडी मारत नाहीये. विकणारा म्हणेल काटा जरा इकडेतिकडे झालाय, ऐकू नका, नीट करून घ्या म्हणावं आणि मग परत ऐकायला या.

धूनेची टेस्ट सोपी आहे पण धीर लागतो. सलग तीनदा ऐका, तिन्ही वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुटलेला दात म्हणजे धूनेत भोक, तिथे एक सूर येतच नाही आणि एका फेरीत त्याच त्याच जागी येत नाही. पहिल्यांदा ऐकताना कान ते भोक स्वतःच भरून काढतो, तिसऱ्यांदा ऐकताना लपत नाही. मग आत उघडून दातांच्या टोकांचा जवळून फोटो मागा, जिथे टोक नाही तिथे बुंधा दिसेल. गंज दिसला तर तोही दाताला खातो आणि सूर उतरवतो.

माझ्या घड्याळात हे सगळं ठीक होतं. दात तुटले ते माझ्याकडे आल्यावर, आणि ते सांगायलाच हवं कारण तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

दुसऱ्या वर्षी धून मध्येच अडकायला लागली. मी एका घड्याळजींकडे नेलं, माणूस साधी मेकॅनिकल घड्याळं उत्तम करतो, त्यांच्या हातात माझी अजून दोन घड्याळं व्यवस्थित झालीत. पण संगीताचं मशीन त्यांनी आधी कधी उघडलं नव्हतं हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धूनेची स्वतःची वेगळी स्प्रिंग असते, आणि तिचा वेग धरून ठेवायला दातेरी चाकांची रांग आणि शेवटी एक गरगर फिरणारा छोटा पंखा असतो. स्प्रिंगमध्ये चावी भरलेली असताना त्या रांगेतलं एकही चाक सैल केलं तर धरून ठेवणारं कुणी उरत नाही, चकती सगळी ताकद घेऊन एका क्षणात फिरते आणि पिना दातांवर अक्षरशः धडाधड आपटतात. म्युझिक बॉक्सवाले याला रन म्हणतात. त्यांनी स्प्रिंग उतरवली नव्हती. तीन दात गेले आणि बऱ्याच पिना वाकल्या. त्यांनी प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं, खूप वाईट वाटलं त्यांना, मी रागावले नाही असं नाही पण चूक निम्मी माझीही होती, विचारायला हवं होतं.

त्यानंतर फक्त संगीताची घड्याळं आणि म्युझिक बॉक्स करणारी एक व्यक्ती शोधली, आठ महिने लागले. पिना एकेक सरळ केल्या. नवीन दात स्टीलमधून कापून, कडक करून, मग सुराला लावले. दाताचं टोक घासून हलकं केलं की सूर चढतो, बुंध्याजवळ पातळ केलं की सूर उतरतो, केसाएवढं घासायचं आणि ऐकायचं, परत घासायचं आणि परत ऐकायचं. घड्याळ परत आलं तेव्हा धून पूर्ण वाजली, पण नवीन तीन दातांपैकी एकाचा आवाज जरा पातळ आहे, सूर बरोबर आहे पण जुन्या दातांची ती गोलाई नाही त्यात. मला ते पहिल्यांदा कळलंच नाही. बाबांनी ऐकून लगेच सांगितलं, शेवटून दुसऱ्या ओळीत एक जण नवीन आलाय.

तर सर्व्हिसिंगला देताना सरळ विचारा, संगीताची किती घड्याळं उघडलीत, आणि उघडायच्या आधी धूनेची स्प्रिंग पूर्ण उतरवणार ना. उत्तर देताना माणूस जरा जरी अडखळला तर घड्याळ उचला आणि घरी या.

आता सोन्याबद्दल, कारण लोक पहिलं तेच विचारतात. १८ कॅरेट म्हणजे चारातले तीन भाग सोनं. केसला पुढची काच, मागचं झाकण आणि आत अजून एक धुळीचं झाकण असतं, हे आतलं झाकण कधी सोन्याचं असतं आणि कधी नुसता मुलामा दिलेल्या पितळेचं, आणि विकताना सगळं सोन्याचं म्हणून सांगतात, म्हणून प्रत्येक झाकणावरचा शिक्का वेगवेगळा बघा. शिक्क्यांवरून वयही कळतं. स्वित्झर्लंडमध्ये १८ कॅरेटसाठी हेल्व्हेशिया, म्हणजे देशाचं प्रतीक असलेल्या बाईच्या डोक्याचा आणि १४ कॅरेटसाठी खारीचा जो शिक्का मारला जायचा तो १८८० च्या कायद्यानंतरचा, त्यामुळे १८२० चं घड्याळ म्हणून दाखवताहेत आणि केसवर ती बाई आहे तर एकतर केस नंतरची किंवा तारीख चुकीची. फ्रान्सचा सोन्याचा शिक्का, गरुडाचं डोकं, १८३८ पासूनचा. मशीन जुनं आणि केस दुसऱ्याच घड्याळाची असं लग्न लावलेलं खूप वेळा दिसतं, आणि गाणाऱ्या घड्याळात ते फक्त किमतीचं नुकसान नाही, आवाजाचंही आहे, कारण मशीन केसमध्ये घट्ट बसलं नसेल तर थरथर केसपर्यंत पोचतच नाही. झाकणांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का, मशीनच्या कडेला फट आहे का, जुन्या स्क्रूची भोकं बुजवलीत का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

पण सोनं जास्त म्हणून घड्याळ चांगलं असं अजिबात नाही. मी जड सोन्याची, भोवती मोती जडवलेली, मागे इनॅमलवर सुंदर चित्र काढलेली घड्याळं ऐकलीत ज्यांचे ठोके डब्यावर चमचा मारल्यासारखे होते. ते इनॅमल म्हणजे काचेची पूड ८०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजून धातूवर चढवलेली असते, एक रंग एकदा असं करत कितीतरी वेळा, ती कलाच वेगळी आहे आणि ज्यांना ती हवी त्यांनी ती जरूर घ्यावी, चीनच्या बाजारासाठी अशी घड्याळं जोड्या जोड्यांनी बनायची. फक्त मग आवाजाची अपेक्षा वेगळी ठेवा.

'म्युझिकल' हा शब्द विकणारे फार सैल वापरतात. नुसता क्वार्टर रिपीटर असेल तरी म्युझिकल, तासाला आपोआप ठोके देणारं असेल तरी म्युझिकल. काहींच्या डायलवर सोन्याचे दोन छोटे पुतळे असतात, दाबलं की हातातल्या हातोड्या घंटेवर मारतात, खरं म्हणजे ती घंटा फक्त दिसायला, आवाज आतल्या गाँगचा, दिसतं मात्र फार गोड. फणी आणि पिना असतील तरच धून. आणि हे दातांचं तंत्र आहे किती जुनं तर अँटवान फाव्र या जिनिव्हाच्या घड्याळजीने फेब्रुवारी १७९६ मध्ये तिथल्या कलामंडळापुढे घंटा न वापरता वाजणारं मशीन मांडलं तेव्हापासूनचं. त्याआधी खिशातल्या घड्याळात धून हवी तर खऱ्याखुऱ्या छोट्या घंटा एकात एक रचाव्या लागायच्या, घड्याळ कांद्यासारखं फुगायचं. ठोक्यांच्या बाबतीत तेच काम पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीने १७८३ च्या सुमारास केलं, घंटा काढून तारेचा गाँग आणला. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या व्हॅली द जू या डोंगराळ भागातले लोक यात इतके तरबेज झाले की पिगे आणि मेलाँ यांची १८११ ते १८२८ ची भागीदारी आजही या घड्याळांच्या बाबतीत पहिलं नाव म्हणून घेतली जाते. त्यांची घड्याळं मी काचेमागेच बघितलीत, जिनिव्हाच्या पाटेक फिलिप म्युझियममध्ये अशा गाणाऱ्या आणि हलत्या चित्रांच्या घड्याळांचं मोठं दालन आहे, कधी जाणं झालं तर घाई न करता बघा.

नंतरच्या काळात धूनेची फणी मागे पडली आणि चार-पाच गाँगवर वाजणारे कॅरिलॉन पुढे आले. त्यातला वेस्टमिन्स्टर चाइम सगळ्यांच्या ओळखीचा, लंडनच्या मोठ्या घड्याळामुळे, पण ते सूर मुळात १७९३ च्या सुमारास केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चच्या घड्याळासाठी बांधलेले. पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने अमेरिकन संग्राहक हेन्री ग्रेव्ह्जसाठी केलेल्या आणि १९३३ मध्ये दिलेल्या सोन्याच्या खिशातल्या घड्याळात हाच चाइम आहे, २०१४ मध्ये जिनिव्हाला लिलावात ते २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. मी त्याचं रेकॉर्डिंग ऐकलंय, गाँग स्वच्छ आहेत आणि ठोक्यांमधलं अंतर इतकं समान आहे की मन शांत होतं. तरी मला विचाराल तर फणीच्या सुरांत जे कापरं माणूसपण आहे ते गाँगमध्ये नाही. हे माझं मत.

ज्यांना फक्त धून हवीय, जुनेपणाचा आग्रह नाही, त्यांनी विसाव्या शतकातली म्युझिकल पॉकेट वॉच बघावीत. स्वित्झर्लंडमधल्या सेंट क्रॉ गावात रूज नावाची कंपनी आहे, तिची सुरुवातच १८६५ मध्ये खिशातल्या गाणाऱ्या घड्याळांपासून झालीय, आणि नंतरच्या काळातही त्यांनी धूनेचा गजर असलेली घड्याळं बनवली. आवाज छान, दुरुस्तीही तुलनेने सोपी. फक्त ती बहुतेक सोन्याचा मुलामा दिलेली असतात, आणि कुणी तीच अँटिक सोन्याची म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथून निघा. वरच्या दांड्याने चावी भरता येते की वेगळी चावी लागते एवढ्यावरून सुद्धा अंदाज येतो, १८२० च्या घड्याळाला वेगळीच चावी लागते.

चावीवरून आठवलं. माझ्या घड्याळाला चावीची दोन भोकं आहेत, एक वेळेसाठी, एक धूनेसाठी, रिपीटरला चावी लागत नाही, दांडा दाबतानाच त्याची स्प्रिंग भरते. वेळेची चावी रोज सकाळी ठरलेल्या वेळी. धूनेची मी पूर्ण कधीच भरत नाही. ठोके पडत असताना परत दांडा दाबायचा नाही, काटे मागे फिरवायचे नाहीत, धून वाजत असताना खिट्टीला हात लावायचा नाही. दातांना तेल तर कधीच नाही. पावसाळी हवेत डबीत सिलिका जेलची पुडी, कारण आत सगळं उघडं स्टील आहे.

वेळ किती बरोबर दाखवतं? दिवसाला तीन-चार मिनिटं इकडेतिकडे. यात सिलिंडर एस्केपमेंट, म्हणजे चाकांना ठरावीक वेगाने एकेक पाऊल पुढे सोडणारा जुन्या पद्धतीचा भाग आहे, त्या जातीचं घड्याळ याहून फार चांगलं चालत नाही, आणि पाव तासाने सांगणाऱ्या घड्याळाला चार मिनिटांनी फरकही पडत नाही. रोज सकाळी चावी देताना मी काटे पुढे करून लावते, पुढे गेलेलं असेल तर मागे न फिरवता थोडं थांबवून ठेवते.

तोटे सांगायचे तर एकच मोठा. बिघडलं तर महिनोन्महिने जातं. नवीन पार्ट हातानेच बनवावा लागतो, रेडीमेड काही नाही, करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यांच्याकडे रांग. ज्याला ही वाट बघणं जमणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये, कितीही चांगलं घड्याळ मिळत असलं तरी.

आमच्या घड्याळाची पुढची सर्व्हिसिंग खरं तर मागच्या वर्षीच व्हायला हवी होती. तेल सुकत आलंय, तासाचे ठोके पूर्वीपेक्षा किंचित संथ पडतात, अकरा-बाराला तर शेवटचे दोन ठोके ओढल्यासारखे. पण पाठवलं की सहा-आठ महिने बाबांच्या उशाशी काही राहणार नाही, आणि ते बोलणारं घड्याळ त्यांना परत नकोय. म्हणून सध्या मी एक चांदीचा साधा क्वार्टर रिपीटर शोधतेय, धून नसलेला, नक्षी नसलेला, डायलला चीर गेलेली असली तरी चालेल. परवा एक ऐकून आले. अर्धवट दाबल्यावर गप्प बसला, बारा पंचेचाळीसला बरोबर बारा आणि तीन जोड्या, खालचा सूर आमच्या घड्याळापेक्षाही भरीव. दांडा मात्र जरा कडक आहे. बाबांचा अंगठा त्यावर ठेवून बघितल्याशिवाय घेणार नाही, रविवारी त्यांना घेऊन जातेय.